उभ्या गाडीत जागं कोण?

शनिवारी एका झटक्यात चालू होऊन लोणावळ्याला जाऊन आलेली गाडी पुढच्या शनिवारी किल्ली फिरवली की नुसतं ‘टिक्’ करायची. डॅशबोर्डवरचे दिवे मंद व्हायचे, घड्याळ पुसलं जायचं आणि वॉचमन न सांगता जंपर केबल घेऊन यायचा. ही आमची जुनी डिझेल व्हॅन, तेरा आसनी. आमच्याकडे येण्याआधी टुरिस्ट परमिटवर धावलेली. मागच्या सीटा काढून आम्ही तिच्यात दोन बाकं, झोपायला फळ्या, पाण्याची टाकी आणि एक छोटी शेगडी बसवून घेतली होती. सुट्टी लागली की कोकणात उतरायचं, रात्री जिथे पोचू तिथे मुक्काम करायचा, असा बेत. पण महिन्यातून तीन आठवडे ती येरवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभी असायची, आणि उभ्या उभ्या तिची बॅटरी उतरायची.

दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळालं होतं, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ नवी टाकली की दोनतीन महिने बरे जायचे आणि मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पैसे मोजण्याआधी मी येरवड्यातल्याच एका जुन्या वायरमनकाकांना गाठलं. इथे गाड्यांची माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. एका स्टॉपचं नावच गाडीतळ आहे. काकांनी बॉनेट उघडलं, नव्या बॅटरीकडे आणि तिच्या टर्मिनलला गुंडाळलेल्या चारपाच जादा वायरींकडे पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, बॅटरी नका बदलू. आधी कोण खातंय ते बघू.”

या प्रकरणात तेच बघायचं आहे. बंद गाडीत वीज कोण खातं, किती खातं आणि ते शोधायचं कसं.

सगळा घोळ एका गुणाकारात आहे, तो आधी करून टाकू. बॅटरीवर एएच म्हणजे अँपिअर-तास लिहिलेले असतात. आमची ८० एएचची. म्हणजे कागदोपत्री १ अँपिअर करंट ८० तास देऊ शकणारी. सेल्फ मारताना डिझेल इंजिनाचा स्टार्टर दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो ओढतो जेमतेम तीन सेकंद. ३०० अँपिअर गुणिले ३ सेकंद, भागिले ३६०० केलं की उरतात फक्त ०.२५ अँपिअर-तास. आता उलट बघा. कुठेतरी ०.४ अँपिअर गुपचूप वाहतोय. एवढ्याने फार तर केबिनमधला एक छोटा दिवा लागेल. पण तो २४ तास वाहतो. दिवसाला साडेनऊ-दहा अँपिअर-तास जातात. चाळीस वेळा सेल्फ मारायला लागेल तेवढी वीज एका दिवसात, एकही चाक न फिरता. आठवडाभरात ८० एएचची बॅटरी जवळजवळ रिकामी. आमच्या शनिवार ते शनिवारचं गणित इतकं साधं होतं आणि दीड वर्ष ते कुणीच मांडलं नव्हतं.

बंद गाडीने थोडी वीज घेणं गैर नाही. घड्याळ, रेडिओची स्मृती, सेंट्रल लॉकचा रिमोट ऐकणारं यंत्र, इंजिनाच्या कंट्रोल युनिटची आठवण, चोरीविरोधी इमोबिलायझर यांना जागं राहावंच लागतं. साधारणपणे ५० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे ०.०५ अँपिअरपर्यंतचा खर्च ठीक मानतात. त्या वेगाने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. छोट्या कारची ३५ एएचची बॅटरी एवढ्या खर्चानेही पंधरा दिवसांत निम्म्यावर येते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

देशाने हा प्रयोग एकदा एकदम करून पाहिला आहे. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. विमानतळाकडे जाणारा आमच्या इथला एरवी श्वास न घेणारा रस्ता ओस पडला. त्या उन्हाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एक मे महिन्यात पहिल्या किल्लीला चालू झाली आणि दुसरी दहा दिवसांतच गतप्राण झाली होती. तेव्हा सगळे म्हणाले, बॅटरी नशिबाची असते. नशिबाचा त्यात काही भाग नव्हता. एका गाडीत मूळ कंपनीची वायरिंग जशीच्या तशी होती, दुसरीत डॅशकॅम, मोठा अॅम्प्लिफायर आणि निळे दिवे नंतर बसवून घेतलेले होते. पार्किंगमध्येही चित्रण करत राहणारा डॅशकॅम एकटा दोनतीनशे मिलिअँपिअर सहज घेतो.

त्यात पुण्याचा एप्रिल-मे. शिसं-आम्ल बॅटरी काहीही जोडलेलं नसतानाही स्वतःहून थोडी थोडी उतरते आणि तापमानाच्या दर १० अंश वाढीला हा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडखाली तापणाऱ्या गाडीची बॅटरी सावलीतल्या गाडीपेक्षा लवकर थकते ती त्यामुळे.

आणि उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर काय होतं? गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पहिली शिसं-आम्ल बॅटरी केली, तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही. वीज देताना तिच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत होत पाण्याकडे झुकतं. लगेच चार्ज केली तर ते सल्फेट पुन्हा विरघळतं. पण दिवसेंदिवस रिकामी राहिली तर त्याचे बारीक कण मोठे, टणक स्फटिक होऊन प्लेटांना धरून बसतात आणि मग कितीही चार्ज करा, तेवढा भाग कायमचा गेला. लोडशेडिंगच्या वर्षांत ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होता त्यांनी हायड्रोमीटरची काचेची नळी बॅटरीच्या तोंडात बुडवून आम्लाचं हे पातळ होणंच पाहिलेलं आहे. भरलेल्या बॅटरीत आतला तरंगक १.२६च्या आसपास उभा राहतो, उतरलेलीत खाली बुडतो. आमच्या पहिल्या दोन बॅटऱ्या जात्याच वाईट नव्हत्या. त्यांना आठवड्याला एकदा तळापर्यंत रिकामं करून आम्हीच मारलं होतं. प्रत्येकी वीसेक किलोची वस्तू, त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि शिसं पुन्हा वापरता येतं हेही खरं. पण कुठल्या तरी वस्तीत उघड्या भट्टीवर ते वितळवलं गेलं तर त्याचा धूर तिथल्या पोरांच्या अंगात जातो. विनाकारण बदललेली बॅटरी म्हणजे फक्त आपल्या खिशाचा तोटा नाही, हे मला फार उशिरा कळलं.

काकांनी पहिलं काम केलं ते बॅटरीची बाजू ऐकून घेण्याचं. रात्रभर चार्जर लावून ती पूर्ण भरली, दोन्ही टर्मिनल सोडून ठेवली आणि दुसऱ्या रात्री मोजली. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा व्होल्टेज फुगलेला दिसतो, म्हणून काही तास विसावा द्यावाच लागतो. विसावलेल्या बॅटरीवर १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९च्या खाली म्हणजे संपलेली. आमची १२.६४ होती. चोवीस तासांनी १२.६३. याचा अर्थ एकटी असताना ती नीट राहते. घर आतून पोखरलेलं नाही, चोर गाडीत आहे. ही एक चाचणी आधीच कुणी केली असती तर आमच्या दोन बॅटऱ्या वाचल्या असत्या.

एक गंमत मात्र त्यांनी बॅटरीवरच दाखवली. मीटरची काळी सळई निगेटिव्हला टेकवली आणि लाल सळई बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या झाकणावरून, नुसत्या धुळीवरून हळूहळू पॉझिटिव्हकडे सरकवत नेली. प्लॅस्टिकवर शून्य दिसायला हवं. तिथे २ व्होल्ट दिसले, मग ४, मग ७! पुण्याची धूळ, पावसाळ्यातली ओल आणि बॅटरीतून उडालेलं आम्ल यांचा एक पातळ ओलसर थर झाकणावर बसला होता आणि त्याच्यातून दोन टर्मिनलांमध्ये वीज पाझरत होती. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, झाकणाची बुचं घट्ट आहेत हे पाहून फडक्याने पुसलं. सोडा पडला तिथे फस्सकन फेस आला. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड ब्रशने काढली आणि वर व्हॅसलीन लावलं. हा आमचा मोठा चोर नव्हता, पण पाच मिनिटांच्या कामात एक भुरटा तरी गेला.

मग बॅटरी पुन्हा जोडून खरा शोध. मल्टिमीटरने करंट मोजायचा तर तो वायरीच्या मध्ये, रांगेत लावावा लागतो. नळाला किती पाणी येतं हे पाहायचं तर पाइप कापून मध्ये मीटर बसवावा लागतो, तसं. बॅटरीचा निगेटिव्ह सोडायचा, एक सळई बॅटरीच्या खांबाला आणि दुसरी सोडलेल्या केबलला. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. आणि मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. तीनशे अँपिअर त्या मीटरमधून गेले तर आतला फ्यूज उडणार, नाहीतर मीटरच. काकांनी आणखी एक युक्ती केली. केबल सोडण्याआधी एका जाड वायरीने खांब आणि केबल जोडून ठेवली, मीटर लागल्यावर ती वायर काढली. त्यामुळे गाडीचा पुरवठा क्षणभरही तुटला नाही. तो तुटला तर गाडीतली यंत्रं पुन्हा पहिल्यापासून जागी होतात, आणि कधी कधी तर पुरवठा तुटल्यामुळेच अडकलेलं यंत्र सुटतं आणि दोष लपून बसतो.

मीटरवर ३.२ अँपिअर. मी ओरडायच्या बेतात, तर काका म्हणाले, “थांबा, ती अजून जागी आहे.” दार उघडं होतं, आतला दिवा लागलेला. त्यांनी दाराच्या कुलपातला खटका स्क्रू ड्रायव्हरने दाबून बसवला, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटावं. (काम झाल्यावर तो खटका सोडवायचा, नाहीतर दार आपटल्यावर कुलूप मोडतं.) आकडा १.६ वर आला. किल्ली लांब माझ्या घरात ठेवायला लावली. मग आम्ही दोघं पार्किंगच्या कठड्यावर बसलो आणि चहा मागवला. गाडीतली कंट्रोल युनिटं किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत. काहींना पाच मिनिटं लागतात, काहींना पाऊण तास. अनेक गॅरेजांत इथेच चूक होते. घाईत मोजतात, मोठा आकडा दिसतो आणि बिचाऱ्या कंट्रोल युनिटवर खापर फुटतं. वीस मिनिटांनी आकडा ०.४१ वर आला आणि तिथेच राहिला.

आता हे ०.४१ कुठून जातायत? पूर्वी एकेक फ्यूज उपटायचे आणि आकडा कधी पडतो ते पाहायचे. अजूनही बरेच जण तसंच करतात. पण फ्यूज काढून घातला की त्या लाइनीवरची झोपलेली यंत्रं दचकून जागी होतात आणि सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काकांची पद्धत वेगळी होती. फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन इवले ठिपके उघडे असतात. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून दोन सळया त्या दोन ठिपक्यांना टेकवायच्या. फ्यूज म्हणजे अखेर एक तार, तिला थोडासा विरोध असतोच, १० अँपिअरच्या फ्यूजचा साधारण सातआठ मिलिओहम. त्यातून करंट वाहत असेल तरच ठिपक्यांमध्ये व्होल्टेज दिसतं. नसेल तर शून्य. काही काढायचं नाही, काही तोडायचं नाही. डॉक्टरने मनगट धरावं तसे ते एकेका फ्यूजची नाडी पाहत गेले. ०.०. ०.०. ०.१. ०.०. केबिनमधल्या दिव्यांच्या १० अँपिअरच्या फ्यूजवर मीटर थांबला: १.१. विरोधाने भागलं की येतात जवळपास १५० मिलिअँपिअर. आणि दिवे तर सगळे बंद!

तिथून पुढे काकांनी मीटर खाली ठेवला आणि डॅशबोर्डच्या खाली हात घातला. थोड्या वेळाने म्हणाले, “इथे हात लावा.” हिंगाच्या छोट्या डबीएवढी काळी चौकोनी पेटी, रिले. गाडी तासभर थंड पडलेली, बाकी सगळं प्लॅस्टिक गार, आणि ती पेटी कोमट. तापलेली नव्हे, तळहातावर घेतलेल्या अंड्याइतकी कोमट. रिलेच्या आत तारेचं एक वेटोळं असतं, पुण्यातल्या कुठल्याही वायरमनला विचारा, ८५ आणि ८६ या दोन पिनांच्या मध्ये. त्याचा विरोध साधारण ८५ ओहम. साडेबारा व्होल्टवर ते सुमारे १५० मिलिअँपिअर घेतं आणि लोहचुंबक होऊन एक खटका ओढून धरतं. हा रिले दीड वर्ष, आणि त्याआधी किती वर्षं देव जाणे, रात्रंदिवस तो खटका ओढून उभा होता. टुरिस्ट गाडी असताना मागे गाणी लावायला कुणी तरी अॅम्प्लिफायर बसवला होता. ढाब्यावर इंजिन बंद असतानाही गाणी चालू राहावीत म्हणून असेल, किंवा किल्लीवर चालणारी लाइन शोधायचा कंटाळा म्हणून असेल, त्याने रिलेला कायम जिवंत असलेल्या दिव्यांच्या वायरीवरून वीज दिली. आम्ही सीटा काढल्या तेव्हा स्पीकरही काढले. अॅम्प्लिफायर मात्र पत्र्यामागे राहून गेला, आणि ऐकायला स्पीकर नसतानाही तो रोज तयार होऊन बसलेला होता. त्याचा स्वतःचा खर्च वेगळा, थेट बॅटरीवरून आलेल्या ३० अँपिअरच्या फ्यूजमधून. जाड फ्यूजचा विरोध कमी, त्यामुळे तिथे १२० मिलिअँपिअर वाहत असूनही जेमतेम ०.२ मिलिव्होल्ट दिसले. मिलिव्होल्टची नाडी पाहताना फ्यूजचा आकडा पाहायला विसरू नये, ते यासाठी.

रिले उपटला. मीटर ०.४१ वरून ०.१४ वर.

उरलेल्यात पुढचा निघाला जीपीएस ट्रॅकर. काडेपेटीहून थोडा मोठा, चिकटपट्टीने स्टिअरिंगच्या दांड्यामागे बांधलेला. जुन्या मालकाने गाडी कुठे आहे ते कळावं म्हणून लावलेला. त्याचं सिम केव्हाच बंद झालं असणार, आणि नेटवर्क न मिळणारा ट्रॅकर मिळणाऱ्यापेक्षा जास्त वीज खातो, कारण तो शोधतच राहतो. तो सोडवल्यावर ०.०७.

इथे एक सावधगिरी. आता १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी टॅक्सी आणि बसना ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण सक्तीचं आहे. त्याचं मानक, एआयएस १४०, आपल्याच पुण्यातल्या एआरएआय या संस्थेने प्रसिद्ध केलेलं आहे. १९६६ मध्ये सुरू झालेली ही संस्था. वेताळ टेकडीच्या त्या बाजूला पुणेकर एआरएआय टेकडी म्हणतात ती हिच्यामुळे. मुख्य बॅटरी तुटली तरी ट्रॅकर आतल्या बॅटरीवर चार तास चालला पाहिजे, असं ते मानक सांगतं. तो प्रवाशांच्या, विशेषतः बायकांच्या सुरक्षिततेसाठी आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीतला असा ट्रॅकर बॅटरी खातो म्हणून काढू नये. तो नीट बसवला आहे का, किल्ली काढल्यावर झोपतो का, एवढंच तपासून घ्यावं. आणि पुष्कळ लोक काचेवरच्या फास्टॅगवर संशय घेतात, त्याची तर पूर्ण सुटका करायला हवी. त्याच्यात बॅटरी नाही, गाडीची वायर त्याला जोडलेली नाही. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींतून मिळेल तेवढ्याच ऊर्जेवर तो क्षणभर बोलतो.

तिसरा आमचा आम्हीच बसवलेला होता: मोबाइल चार्ज करायचं सॉकेट, ज्यावर निळ्या आकड्यांत व्होल्टेज दिसतो. दिसायला फार छान. बॅटरी किती उतरली ते दाखवता दाखवता चाळीस मिलिअँपिअरने तिला उतरवत होतं. त्याला एक बटण बसवून टाकलं.

राहण्याच्या गाडीत मागच्या बाजूला वेगळी बॅटरी असते, आणि तिथले चोर याहून मोठे असतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या हौसेने करून घेणारे वाढतायत, म्हणून हे सांगतो. सगळ्यांत मोठा चोर इन्व्हर्टर. एकही दिवा, एकही चार्जर जोडलेला नसताना हजार वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहाएक वॉट घेतो. १२ व्होल्टवर ते होतात ०.८ अँपिअर, दिवसाला वीस अँपिअर-तास. शंभर एएचची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. मोबाइल १२ व्होल्टवरूनच चार्ज होत असेल तर त्याच्यासाठी इन्व्हर्टर चालू ठेवू नये. आणि पुढची-मागची बॅटरी जोडणारा रिले इंजिन बंद झाल्यावर खरंच सुटतो का, हे एकदा मोजून पाहावं. तो अडकला तर मागचा फ्रिज रात्रभर पुढची बॅटरी पितो आणि सकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर सेल्फ लागत नाही.

आमचा आकडा शेवटी ०.०३ वर टेकला. दिवसाला पाऊण अँपिअर-तास. दीड महिना उभी राहिली तरी निम्म्याच्या वर. पण तो स्थिर नव्हता. दर दोन सेकंदांनी ०.०३ चा ०.०४ व्हायचा आणि परत ०.०३. मला पुन्हा धसका बसला. काकांनी काही न बोलता पार्किंगचा दिवा मालवला आणि काचेतून आत बोट दाखवलं. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात इमोबिलायझरचा लाल ठिपका लुकलुकत होता. तो पेटला की मीटर ०.०४, विझला की ०.०३. आम्ही अंधारात उभे राहून बराच वेळ ते पाहत होतो.

“हा राहू दे,” काका म्हणाले, आणि केबल पुन्हा आवळायला पाना शोधू लागले.